फळाला विटाळ नसतो

"चाखू नको," हौसाआत्या म्हणाली.

"मी कुठं चाखतेय?"

"मग बोट कुठं निघालंय?"

बोट कढईकडंच निघालं होतं, खोटं कशाला बोलू. मला एकोणिसावं सरलं होतं, लग्नाला आठ महिने झाले होते आणि एवढा गूळ एका जागी उकळताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. सातव्या माळेची सकाळ होती. ऊन अजून करंजाईच्या टेकडीमागंच होतं. आमच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर कढई, कढईत तांबडा फेस, आणि फेसाकडं टक लावून बसलेली माझी सासू. तिला मी आत्या म्हणायची, कारण आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

तिनं उलथन्याच्या टोकावर एक थेंब घेतला आणि पाण्याच्या वाटीत सोडला. थेंब तळाशी जाऊन बसला. तिनं तो चिमटीत उचलला आणि वाटीच्या काठावर आपटला. टण्ण वाजला.

"झाला. आण सफरचंदं."

पाक चाखून कळत नाही, ऐकून कळतो, असं तिचं म्हणणं. चाखायचा प्रश्नही नव्हता. तिला गोड आवडतच नव्हतं. भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा, झालं तिचं जेवण. पुरणपोळीच्या दिवशीसुद्धा ती कटाची आमटी ओरपायची आणि पोळी सुदामच्या ताटात सरकवायची. "गोडखाऊ माणसाला पाक जमत नाही," ती म्हणायची. "तो भुलतो."

सुदाम म्हणजे तिचा मुलगा, माझा नवरा. तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाली करायचा. दसऱ्याच्या तोंडावर उत्तरेकडून सफरचंदाच्या लाकडी पेट्या यायच्या. त्यात बारीक, आंबट माल निघायचा, त्याला शहरात कुणी विचारत नसे. तसल्या तीन पेट्या तो खांद्यावरून घरी घेऊन आला होता. प्रत्येक फळ कागदात गुंडाळलेलं. मी चौथी शिकलेली, म्हणून आधी सगळे कागद वाचून काढले. हिंदी होतं, निम्मं कळलं. मग एक सफरचंद चावलं तर दात आंबले.

आत्यानंही एक चावलं आणि थुंकून टाकलं.

"आंबट आहे," ती खूश होऊन म्हणाली. "ब्येस झालं. वर गोड, आत आंबट. आत पण गोड असतं तर माणूस एकात धापला असता."

जुन्या टोपलीच्या कामट्या काढून तिनं काड्या केल्या होत्या. मी काडी खुपसायची, ती बुडवायची, मनगटाला एक झटका द्यायची आणि तेल लावलेल्या परातीत उभं करायची. बघता बघता परात लालभडक झाली. सुदाम दारात उभा राहून बघत होता.

"आई, दिसायला झकास झालंय," तो म्हणाला. "पण आपल्या हातचं खाणार कोण?"

तर हा प्रश्न होता. आम्ही बौद्ध. आमची घरं वेशीबाहेर. गावाला आमचे हात खुरपायला चालायचे, काढणीला चालायचे, बाळंतिणीची घाण काढायला चालायचे. त्या हातांनी शिजवलेलं चालायचं नाही. सत्त्याऐंशी साल होतं. तुम्ही म्हणाल, तेव्हा असलं काही राहिलं नव्हतं. तुम्ही आमच्या गावाला आला नव्हता.

"नाही खाल्लं तर नाही खाल्लं," आत्या म्हणाली. "सात वर्षं दुसऱ्याच्या कढईवर पाक ढवळला. एकदा माझ्या गावात, माझ्या तोंडानं, माझा म्हणून विकायचाय. एकदाच. नाही घेतला तर शेळ्या खातील."

तालुक्याला मेवामिठाईच्या एका कारखान्यात ती सात वर्षं कामाला होती. श्रावणात सोडलं. का सोडलं ते सांगत नव्हती. कुणाचा कारखाना तेही मी विचारलं नव्हतं, नवी सून किती विचारणार. आणि गावाला तर पत्ताच नव्हता. आमच्या बायका सकाळच्या यष्टीनं कुठं जातात, हे गावानं कधी विचारलेलं नाही. काढणीच्या वेळी घरी असल्या म्हणजे झालं.

जत्रा टेकडीच्या पायथ्याला भरायची. पायऱ्यांपाशी, सगळ्यात मोक्याच्या जागी, राचप्पा हलवायाचं दुकान. पांढरी गोडीशेव, गुळाची गोडीशेव, रेवड्या, साखरफुटाणे, सगळ्याचे डोंगर. नवव्या माळेला घरटी एक पुडा गुळाची शेव राचप्पाकडून घ्यायची आणि देवीला दाखवायची, ही रीत. आमची जागा शेवटाला. खेळणीवाले झाले, पाळणा झाला, त्याच्या पलीकडं बांगड्या भरणारी कासारीण आणि तिची बांधलेली शेळी, आणि मग आम्ही. सुदामनं कडब्याची एक पेंढी उभी केली आणि तिच्यात काड्या खोचल्या. उन्हात ती सफरचंदं अशी चमकायला लागली की कासारणीचं गिऱ्हाईक हात तिच्या हातात देऊन मान आमच्याकडं वळवायचं.

बघायला सगळे आले. घ्यायला कुणी नाही. एक पोरगं आईचा पदर ओढत "ते, ते" करत होतं. आई म्हणाली, "नको, त्यांचं आहे." आमच्या तोंडावर. जसं आम्ही बहिरे.

मी उठणार होते. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिंबाच्या डहाळीनं माश्या हाकत राहिली.

मग नाना गुरव आला. देवीची पूजा त्याच्याकडं. घट बसल्यापासून साबुदाणा आणि केळी खाऊन खाऊन त्याचं तोंड वरवंट्यासारखं झालं होतं. तो आमच्यासमोर थांबला. पुढं गेला. परत आला.

"हौसा, काय गं हे?"

"सफरचंद."

"आणि ते वरचं?"

"वरचं म्हणजे वरचं."

नानानं आवंढा गिळला. "म्हणजे मूळ वस्तू फळच ना?"

"आता कामटीवर बटाटा तर कुणी लावणार नाही."

नानानं इकडं तिकडं बघितलं. माणसं जमलीच होती. मग त्यानं पूजा सांगताना काढतो तसला आवाज काढला. "फळ झाडाला लागतं. झाडाला जात नसते. फळ कुणाच्याही हातचं घ्यावं, फळाला विटाळ नसतो. आणि उपासाला चालतं."

एवढं बोलून तो निवडायला बसला. हे शास्त्र सांगायला त्याला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट निवडायला लागला. सगळ्यात जाड पाकाचं, काडीच्या बुडाशी पाकाची चांगली शेंडी लोंबत असलेलं त्यानं उचललं.

"फळ बघून घेतलंय हां," तो म्हणाला.

बांध फुटला. "एक फळ द्या." "आम्हाला दोन फळं." पैसे वरून टाकायचे, आमच्या तळव्याला बोट लागू न देता, पण फळ मात्र काडीला धरून हातातनं घ्यायचे. आणि नखरे तरी किती. शाळेचे मास्तर म्हणाले, तीळ लावलेलं आहे का. दुसऱ्या दिवशी लावून आणते म्हटलं तर ऑर्डर दिल्यासारखे चार सांगून गेले. तलाठ्याच्या बायकोला पाक फिकट हवा, तिच्या बहिणीला जरा करपट, तिला म्हणे करपटच गोड लागतं. एकजण पाक फोडून आधी खायचा आणि मग आंबट सफरचंदावर मीठ मागायचा. एकजण उलटं, फळाचा लचका तोडायचा आणि पाक शेवटाला ठेवायचा, जसं काय पोरगी सासरी पाठवायचीय. सुदामला फुटकीच आवडायची, फुटकी आम्ही विकत नव्हतो म्हणून. माझं म्हणाल तर पाक एका बाजूनं टचकन फोडायचा, बांगडीसारखा अख्खा सोडवायचा आणि उन्हात धरून त्यातनं जत्रा बघायची. मग खायचा.

सगळं बोलून व्हायचं, जाड, पातळ, करपट, फिकट. पण पाक हा शब्द एकाच्या तोंडातनं आला नाही. पाक म्हटलं की शिजवलं आलं, आणि शिजवलं म्हटलं की आमचे हात आले.

दुपारी अंबूकाकी आल्या. देशमुखांच्या घरातलं सगळ्यात थोरलं माणूस, पंचाहत्तरीच्या, तोंडात तीन दात आणि जिभेवर अख्खं गाव. आमटी कुठल्या विहिरीच्या पाण्यात शिजली ते सांगायच्या. हातात राचप्पाच्या शेवेचा पुडा होता. उपास त्यांनी कधीच सोडले होते. म्हणायच्या, उपास तरण्यांनी करावेत, आमचा आता सगळ्यात मोठा उपास जवळच आलाय.

"यंदा शेव माती लागतेय राचप्पाची," त्या कुणालातरी सांगत होत्या. "सुंठ विसरला मेला." मग आमच्याकडं बघितलं. "फळ दे गं एक. पातळ सालीचं दे. दात नाहीत मला."

साल. पाकाला त्या साल म्हणत होत्या.

आत्यानं पातळ पाकाचं निवडून दिलं. काकी समोरच्या लिंबाखाली बसल्या. अर्धा तास चोखत बसल्या. पाक संपला, नागडं सफरचंद राहिलं, ते त्यांनी काडीवरनं ओढून काढलं आणि कासारणीच्या शेळीपुढं टाकलं. मग उठल्या.

"अजून एक फळ दे."

तेही शेळीनं खाल्लं. तिसरंही. तिसऱ्याला शेळी काकींच्या आधीच उठून उभी राहिली.

दिवस मावळायच्या आत पेंढी मोकळी झाली. सुदाम पाळण्याच्या तालावर शीळ घालत पोती गुंडाळत होता. मी मात्र तापलेली.

"आत्या, हे आपला पाक चाटतात आणि फळ म्हणतात."

"म्हणू दे की," सुदाम म्हणाला. "विकलं गेलं ना? त्याला फळ म्हणोत नाहीतर दगड म्हणोत. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या बापाचं नाही, तुझ्या आईचं जातंय."

आत्यानं रिकामी परात डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. घरी आल्यावर भाकरीचा पहिला तुकडा मोडताना म्हणाली, "सुदाम, सकाळी सुंठ आण. आणि दोन लिंबं."

"कशाला?"

"आज पाक अर्धाच केला होता मी. उद्या पुरा करते."

"अर्धा?" मी म्हटलं. "गाव तुटून पडलं की त्याच्यावर."

"गाव फळावर तुटून पडलं," आत्या म्हणाली. "तूच म्हणालीस ना. आता गप जेव."

आठव्या माळेला आम्ही चूल, कढई सगळं जत्रेतच नेलं. माल पुरत नव्हता हे एक कारण, आणि आत्या म्हणाली म्हणून, हे दुसरं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिनं गूळ चढवला. उकळी वर येताना सुंठीची पूड घातली, उतरवायच्या आधी लिंबू पिळलं, मोजून चार थेंब. वास असा सुटला की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. वर अडकलेली माणसं शिव्या घालायला लागली.

आणि तरीही, कढई समोर उकळत असताना, धूर डोळ्यांत जात असताना, लोक येऊन म्हणत होते, "फळ द्या."

काकी आल्या. पातळ सालीचं घेतलं, लिंबाखाली बसल्या, काडी तोंडात घातली. घातली आणि थांबल्या. डोळे मिटले. जबडा हळूहळू हलला. मग उठल्या आणि तरातरा आमच्यासमोर आल्या.

"हौसा, हा पाक तुझा नाही."

पाक हा शब्द पहिल्यांदा आला, आणि असा आला.

"मग कुणाचा, काकी?"

"राचप्पाचा. सात वर्षं खातेय मी. सुंठ मागनं येते आणि शेवटाला लिंबू. यंदा त्याच्या शेवेत नाही, अन् तुझ्या कढईत आहे. कुठनं चोरून आणलास गं?"

माणसं गोळा व्हायला वेळ लागत नाही. चोरी म्हटलं आणि आमची घरं म्हटली की पुढचं लोक स्वतःच जुळवतात. नाना गुरव हातात तिळाचं सफरचंद घेऊन पुढं आला. "देवीच्या दारात चोरीचा माल? उचला हे सगळं." कुणीतरी पेंढीला लाथ घातली. पाच-सात सफरचंदं मातीत लोळली. सुदामनं हात जोडले आणि पोतं ओढायला लागला. दोन-दोन क्विंटल उचलणारा माणूस.

आत्या चुलीसमोरनं उठलीसुद्धा नाही.

"राचप्पाशेठना बोलवा," ती म्हणाली. "माल ज्याचा चोरीला गेला त्याला विचारा."

राचप्पाशेठ आले. अंगानं भरलेले, कपाळाला विभूती, धोतराला हात पुसत, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. आत्या दिसली आणि ते हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. आत्यानं एक सफरचंद पाकात बुडवलं, झटकलं, फुंकर घालून गार केलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"शेठ, चाखून सांगा. तुमचा का माझा?"

तो माणूस उभा राहिला. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं, की त्या एका काडीवर त्याची अख्खी नववी माळ उभी होती. माझा म्हटलं तर आत्या चोर, आणि त्याचं दुकान शाबूत. तिचा म्हटलं तर पुढं काय विचारलं जाणार ते त्याला ठाऊक होतं. त्यानं गर्दीकडं बघितलं. आत्याकडं बघितलं. ती डहाळीनं माश्या हाकत होती. मग त्यानं सफरचंद तोंडाला लावलं. पाक कडकन वाजला.

तो बराच वेळ चावत राहिला.

"माझ्या दुकानातला नाही हा," शेवटी तो म्हणाला. "हिचाच आहे."

"अन् चव तीच कशी मग?" काकींनी विचारलं.

"काकी, चव..." राचप्पाशेठ घुटमळले. "चव हाताची असते."

"कुणाच्या हाताची?"

शेठ पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. मग आत्याच बोलली. आवाज चढवला नाही. कासारणीच्या बांगड्या किणकिणत होत्या, त्यासुद्धा ऐकू येत होत्या.

"ह्यांच्या कारखान्यात सात वर्षं पाकाच्या कढईवर मी होते. श्रावणात म्हटलं, शेठ, यंदा करंजवाडीच्या जत्रेला मला दुकानावर बसू द्या, माझं गाव आहे. तर म्हणाले, हौसा, तिथं नको, तिथं तुला ओळखतात. मी म्हटलं, मला न्यायचं नाही तर माझा पाक कशाला नेता? आणि घरी आले."

सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. सात वर्षं. सात नवव्या माळा. घरटी एक पुडा.

नानाला सगळ्यात आधी उमगलं. त्याचा हात आपोआप गळ्याकडं गेला. "म्हणजे देवीच्या तोंडाला मी स्वतः सात वर्षं..."

"देवीनं कधी तक्रार केली नाही, नाना," आत्या म्हणाली.

नाना नळाकडं पळाला. त्याच्या चुळा आम्हाला इथपर्यंत ऐकू येत होत्या. दोघा-चौघांनी हातातली सफरचंदं टाकली. कुणी थुंकलं. बरेचजण मात्र काडी हातात धरून तसेच उभे राहिले. टाकवेना आणि चावायची लाज. तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "पण फळाला काही... फळाला विटाळ नसतो ना." आणि आजूबाजूची डोकी लगेच हलायला लागली. हो, हो. फळच आहे. फळाला काय.

माझं डोकं तिथं फिरलं. एवढं उघड झालं तरी यांना तीच पळवाट. गावातल्या मोठ्या माणसांपुढं मी तोवर तोंड उघडलेलं नव्हतं. डोक्यावरचा पदर कधी मागं गेला तेही कळलं नाही.

"काकी," मी म्हटलं, "तुम्ही फळ तर एकदाही खाल्लं नाही. काल तिन्ही शेळीनं खाल्ली."

सुदामनं मला असा चिमटा काढला की तो वळ चार दिवस होता. काकी माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता काठी बसते. शेळीनं आपलं नाव निघाल्यासारखं ब्यॅ केलं. कासारीण फिस्सकन हसली. तिला आवरेना. तिच्यासमोर हात धरून बसलेली बाई हसली, पाळणेवाला हसला, मग तीळवाले मास्तरसुद्धा मिशीत.

काकी हसल्या नाहीत. हातातल्या काडीकडं बघत राहिल्या. अर्धा पाक चाटून झालेला, अर्धा शिल्लक. इतकी वर्षं त्या जिभेनं कुणाच्या विहिरीचं पाणी, कुणाच्या सुनेचा हात, सगळं ओळखलं होतं. आणि इथं सात वर्षं समोरच्या बाईला ओळखलं नव्हतं. त्यांनी राचप्पाकडं तोंड वळवलं.

"म्हणून शेव माती लागत होती मेल्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझी जीभ गेली. चार दिवस झोप नाही मला."

मग त्यांनी सफरचंद काडीवरनं ओढलं, राचप्पाच्या हातात दिलं, आणि नुसती काडी आत्यापुढं धरली.

"हौसा."

"बोला काकी."

"फळ नको. ह्या काडीला पाक लावून दे. नुसता."

"नुसता?"

"नुसता. मला काय खातेय ते कळतं."

आत्यानं लगेच काडी घेतली नाही. आधी उलथन्यावर एक थेंब घेतला, वाटीत सोडला, उचलून काठावर आपटला. त्या गर्दीत तो टण्ण आवाज सगळ्यांनी ऐकला. मग तिनं काडी बुडवली, फिरवली, झटकली, पुन्हा बुडवली. बोराएवढा गोळा झाला. काकींनी तो हातातनं घेतला. वरून नाही, खालून नाही. बोटाला बोट लागलं आणि त्यांनी ते लुगड्याला पुसलं नाही, मी बघत होते. तिथंच, आमच्या पोत्यावर, चुलीशेजारी त्या बसल्या आणि चोखायला लागल्या.

"सुंठ जरा कमी आहे," थोड्या वेळानं म्हणाल्या.

"उद्या वाढवते," आत्या म्हणाली. माझी सासू हसते तेव्हा तिच्या एका गालाला खळी पडते, हे मला लग्नानंतर आठ महिन्यांनी त्या दिवशी कळलं.

गाव सुधारलं असं मी सांगणार नाही. पुढच्या उन्हाळ्यातसुद्धा विहिरीवर आमच्या घागरीत पाणी वरूनच पडलं, आणि पेंढीला लाथ घालणारा पुढं सरपंच झाला. काकी त्यानंतर दोन जत्रा जगल्या. पण तुम्ही मला विचाराल, की बाई तू कुणासमोर कधी दबली नाहीस, ते कुठनं आलं, तर मी त्या काडीचं नाव घेईन.

तर त्या दिवशी दुपार कलली आणि नाना गुरव परत आला. चुळा भरून भरून ओठ पांढरे पडलेले, मिशीला अजून पाणी. बगलेत कापडी पिशवी. तो थोडा वेळ कासारणीपुढं उभा राहिला, जसं काय त्याला बांगड्या भरायच्यात. मग सरकत सरकत आमच्याकडं आला. आवाज एकदम खाली.

"हौसा, घरात बायको म्हणतेय... दोन फळं दे."

आत्याच्या मागं पेंढी भरलेली होती. चाळीसेक सफरचंदं उन्हात चमकत होती. नानाला ती दिसत होती आणि आत्याला ती नानाला दिसतायत हे दिसत होतं.

"फळं संपली, नाना," आत्या म्हणाली. "पाक आहे."

नानानं पेंढीकडं बघितलं. पोत्यावर बसलेल्या अंबूकाकींकडं बघितलं. त्या डोळे मिटून तिसरी काडी चोखत होत्या.

"दे मग," नाना म्हणाला.

"काय देऊ?"

त्यानं एकदा टेकडीवरच्या कळसाकडं बघून घेतलं.

"पाक."

"कुणाचा?"

"तुझा गं बाई. तुझ्या हातचा. दे आता लवकर, आरतीची वेळ झाली."

आत्यानं मागं न बघता पेंढीतली दोन उपटली. सगळ्यात जाड पाकाची, शेंडीवाली. त्याची आवड तिनं पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवली होती.

शेळी मात्र त्या दिवशी उपाशी राहिली.